बर्फावरचा तंबू आणि उबेचा हिशेब

गोठलेल्या तळ्याच्या बर्फाला भोक पाडून, त्यात गळ सोडून, मासा लागेपर्यंत त्या भोकाकडे पाहत बसणे याला आइस फिशिंग म्हणतात. अमेरिकेतील मिनेसोटा, विस्कॉन्सिन, मिशिगन व नॉर्थ डकोटा या राज्यांत, कॅनडातील ऑन्टारिओ व मॅनिटोबा या प्रांतांत आणि फिनलंडमध्ये हा हिवाळ्यातील मोठा लोकप्रिय छंद आहे. त्याला लागणारे साहित्य थोडके असते: बर्फ, बर्फाला भोक पाडणारे गिरमिट, गळ, आमिष आणि उद्या सकाळी महत्त्वाचे काम नसल्याची खात्री. यांपैकी बर्फ फुकट मिळतो आणि भरपूर मिळतो. जे फुकट मिळत नाही ते म्हणजे ऊब. ती कमीत कमी पैशांत कशी मिळवावी, हा या छंदाचा सर्वाधिक चर्चिला जाणारा भाग आहे. मासा कसा पकडावा हा विषय त्यानंतर येतो.

उबेची गरज कोणाला आहे, हे आधी स्पष्ट केले पाहिजे. माशाला ती नसते. पाण्याची घनता ४ अंश सेल्सिअसला सर्वाधिक असते, त्यामुळे हिवाळ्यात ४ अंशांचे पाणी तळाशी जाऊन बसते, त्याहून थंड पाणी वर राहते आणि तळे वरूनच गोठते. बाहेर उणे २५ अंश असताना तळाजवळचा मासा अधिक ४ अंशांत असतो, त्याच्या डोक्यावर बर्फाचे पक्के छत असते आणि त्याला वारा लागत नाही. त्याला पकडायला आलेला माणूस त्याच्यापेक्षा २९ अंश अधिक थंडीत, प्लास्टिकच्या बादलीवर बसलेला असतो. या व्यवस्थेत माशाचा खर्च शून्य आहे. माणसाने तंबू तापवण्यासाठी केलेला सारा खटाटोप म्हणजे माशाच्या राहणीमानाची बरोबरी करण्याचा प्रयत्न होय, आणि तो क्वचितच पूर्ण यशस्वी होतो.

उबेच्या आधी बर्फाच्या जाडीचा प्रश्न येतो. मिनेसोटाच्या नैसर्गिक संसाधन विभागाच्या मार्गदर्शनानुसार पायी जाण्यासाठी नव्या, पारदर्शक बर्फाची जाडी किमान ४ इंच आणि स्नोमोबाइलसाठी ५ ते ७ इंच असावी लागते. पांढरा, हवेचे बुडबुडे असलेला बर्फ याच्या निम्म्याच ताकदीचा धरतात. या बाबतीत काटकसर करून अर्धा इंच कमीवर भागवता येत नाही. जाडी मोजून पाहण्यासाठी लागणारी बर्फ फोडायची पहार स्वस्त असते. न मोजता गेल्यास ४ अंशांच्या पाण्याची वर वर्णन केलेली सोय माणसालाही उपलब्ध होते.

निवाऱ्याचे तीन प्रकार आहेत. पहिला कायमचा: लाकडाची किंवा पत्र्याची खोली, जी हिवाळ्याच्या सुरुवातीला ओढून तळ्यावर नेली जाते. तिच्यात भट्टी, खाट, कधी कधी दूरचित्रवाणी संचही असतो आणि मासेमारी ही तिथे राहण्याची सबब असते. दुसरा उलटा होणारा: घसरगाडीलाच जोडलेले कापडी छप्पर मागून पुढे ओढले की तंबू तयार. डेव्ह गेन्झ या मिनेसोटाच्या मच्छीमाराने १९८० च्या सुमारास तयार केलेल्या ‘फिश ट्रॅप’ने हा प्रकार रूढ केला आणि बर्फावर एका जागी ठाण मांडणाऱ्यांना फिरते केले. तिसरा प्रकार भिंतींच्या मध्यभागी दांड्यांचा सांधा असलेला; त्याच्या भिंती आणि छत आतून ढकलले की फुगून उभे राहतात. या तिघांहून जुना चौथा प्रकारही आहे. ग्रेट लेक्स परिसरातील ओजिब्वे लोक भोकावर पालथे पडून, अंगावर कातडे किंवा घोंगडे ओढून, अंधारात खाली दिसणारा मासा भाल्याने मारत. खर्चाच्या दृष्टीने या पद्धतीत नंतर काहीही सुधारणा झालेली नाही.

सध्या बाजारात मिळणारा सर्वांत स्वस्त तंबू तिसऱ्या प्रकारचा, एकपदरी पॉलिस्टर कापडाचा असतो. त्याच तंबूची दुपदरी, मध्ये अस्तर भरलेली आवृत्ती शेजारच्याच मांडणीवर असते आणि पुष्कळच महाग असते. ग्राहक दोन्हींना हात लावून पाहतो, दुकानातील तापमान २१ अंश असल्यामुळे दोन्ही सारखेच उबदार वाटतात, आणि तो एकपदरी घेतो. वाचलेल्या पैशांतून मग हीटर, गॅस, सतरंजी, ब्लँकेट, पंखा आणि दुसरा मोठा हीटर अशी खरेदी टप्प्याटप्प्याने होते. चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला हे प्रमाण इथे कोंबडीच्या जागी मासा घालून जसेच्या तसे लागू पडते. फरक एवढाच की कोंबडी निदान हातात असते.

एकपदरी तंबूतून किती उष्णता निसटते, याचा अंदाज साध्या गुणाकाराने करता येतो. पाया सहा फूट गुणिले सहा फूट आणि उंची साडेसहा फूट धरली तर भिंती व छत मिळून सुमारे साडेसतरा चौरस मीटर कापड होते. पातळ कापडाच्या एका चौरस मीटरमधून, आत-बाहेर एका अंशाचा फरक असताना, साधारण ६ वॅट उष्णता जाते. बाहेर उणे २० आणि आत अधिक ५ अंश ठेवायचे असतील, म्हणजे फरक २५ अंशांचा, तर सुमारे २६०० वॅट लागतात. या छंदात सर्वत्र दिसणारा ‘मिस्टर हीटर’चा ‘बडी’ हा छोटा प्रोपेन हीटर पूर्ण फिरवल्यावर ताशी ९,००० बीटीयू, म्हणजे जवळपास तेवढीच उष्णता देतो. म्हणजे हीटर सर्व ताकदीने चालवून आतले तापमान शीतकपाटाच्या खालच्या कप्प्याइतके ठेवता येते. तेही वारा नसेल तर. वर फटींतून जाणारी हवा या हिशेबात धरलेलीच नाही.

या गुणाकारात तीन संख्या आहेत: कापडाचे क्षेत्रफळ, कापडाची गळती आणि तापमानातील फरक. हौशी माणूस या तिन्हींना हात न लावता चौथी संख्या, म्हणजे हीटरची ताकद, वाढवत राहतो. स्वस्तातली पद्धत याच्या उलट आहे. तयार केलेल्या उबेपेक्षा अडवलेली ऊब नेहमी स्वस्त पडते, कारण अडवण्यासाठी एकदाच पैसे जातात आणि तयार करण्यासाठी दर तासाला.

सुरुवात वाऱ्यापासून करावी लागते. वारा कापडाच्या बाहेरच्या बाजूला चिकटून राहिलेला उबदार हवेचा पातळ थर उडवून लावतो, खालच्या कडेने आत शिरतो आणि भिंती आतबाहेर हलवून तंबूतील हवा बदलत राहतो. म्हणून दार वारा येतो त्याच्या विरुद्ध बाजूला ठेवतात, चारही कोपरे बर्फात फिरवून बसवायच्या स्क्रूसारख्या खिळ्यांनी पक्के करतात आणि भिंतींच्या मध्यावरचे दोर ताणून बांधतात. खिळे तंबूसोबत मिळतात आणि दोर पिशवीतच राहतात, असा सार्वत्रिक अनुभव आहे. न बांधलेला तंबू मोठ्या तळ्यावर कुठवर जातो, हे वाऱ्याच्या वेगावर अवलंबून असते. मिनेसोटातील मिल लॅक्स तळ्याचा विस्तार पाचशे चौरस किलोमीटरहून अधिक असल्याने त्याला वाट अडवणारे काही नसते. काटकसरीचा आणखी एक मार्ग म्हणजे कोणाच्या तरी कायमच्या मोठ्या खोलीच्या आडोशाला तंबू उभारणे. ही वाऱ्याची सावली विनामूल्य असते, मात्र खोलीच्या मालकाला आपल्या सवयी, मते आणि आमिषाचा प्रकार सांगण्याची हौस असल्यास ती महाग पडू शकते.

तंबूच्या खालच्या कडेला आडव्या पसरणाऱ्या कापडी पट्ट्या असतात. त्यांच्यावर फावड्याने बर्फाचा भुगा टाकून बांध घातला की खालची फट बुजते. ताज्या हिमात हवा अडकलेली असल्यामुळे ते चांगले उष्णतारोधक आहे, वाहून न्यावे लागत नाही आणि त्याची टंचाई नसते. खर्च फक्त फावड्याचा, आणि फावडे या प्रदेशात प्रत्येक घरी असतेच. ते घरीच राहते, ही या उपायाची मुख्य अडचण. मग बुटांनी हिम ढकलण्याचा प्रयोग होतो. त्यातून तंबूपेक्षा माणूस अधिक तापतो, आणि हा लाभही अगदीच टाकाऊ नाही.

यानंतर जमीन. तंबूत बसलेल्या माणसाची पावले बर्फावर असतात आणि बर्फ शून्याच्या वर कधीच जात नाही. हीटर लावला तरी तो तापत नाही, वितळतो. त्यामुळे बुटाच्या तळव्यातून उष्णता अखंड खाली जात राहते. यावर उपाय म्हणजे व्यायामशाळेत वापरतात त्या, एकमेकींत अडकणाऱ्या फोमच्या चटया. भोकाच्या जागी चटईला गोल छेद द्यावा लागतो. छेद घरी आधी दिला तर भोके त्या जागी पाडावी लागतात आणि मासे त्या जागी असावे लागतात. छेद बर्फावर दिला तर चाकू धरायला हातमोजा काढावा लागतो. जुना गालिचा फुकट मिळतो म्हणून अनेक जण तो नेतात. गालिचा पाणी शोषून घेतो, पाणी गोठते, आणि परतताना त्याची गुंडाळी होत नाही. मग तो ताठ उभा धरून गाडीपर्यंत आणावा लागतो.

बसण्यासाठी पाच गॅलनची, म्हणजे सुमारे १९ लिटरची बादली पालथी घालण्याची प्रथा आहे. येताना तिच्यात साहित्य भरून आणता येते आणि जाताना मासे. बसायला आणि मासे ठेवायला एकच बादली एकाच वेळी वापरता येत नाही, हा तिचा तात्त्विक दोष आहे. व्यवहारात हा पेच फारसा उद्भवत नाही. बादलीवर फोमचा तुकडा ठेवल्यास बैठक उबदार राहते. ही सगळ्या यादीतील सर्वांत स्वस्त आणि सर्वांत लवकर जाणवणारी सुधारणा आहे.

भिंती आणि छत यांत छताला पहिला मान द्यावा, कारण गरम हवा वर जाते आणि पहिली तिथूनच निसटते. घरसामान हलवताना लाकडी कपाटांभोवती गुंडाळतात ती जाड, शिवलेली ब्लँकेटे या कामी उत्तम. ती स्वस्त असतात आणि छतावरून बाहेरून टाकून दोरीने बांधता येतात. आतल्या बाजूला बुडबुड्यांची चंदेरी गुंडाळी लावतात. कापड आणि गुंडाळी यांच्यात बोटभर हवेचा थर राहिला तरच तिचा पूर्ण उपयोग होतो. दुसऱ्या थराने कापडातून होणारी गळती निम्म्यावर आली, तर वरच्या हिशेबातील २६०० वॅटचे १३०० होतात आणि हीटर निम्म्यावर चालतो. पाच तासांच्या बैठकीत एका ब्लँकेटच्या पोटी एक छोटा सिलिंडर वाचतो. यात दोन पथ्ये आहेत: पांघरूण हीटरपासून लांब असावे आणि झरोके बुजवू नयेत. झरोके बुजवण्याचा मोह फार होतो, कारण थंडी तिथून येताना दिसते.

क्षेत्रफळ कमी करणे हा गुणाकारातील दुसरा मार्ग. अंथरूण पाहून पाय पसरावेत हा नियम इथे अक्षरशः पाळावा लागतो: एकट्या माणसाने चार जणांचा तंबू घेतला तर उरलेल्या तीन गैरहजर माणसांनाही ऊब द्यावी लागते. तंबूवर छापलेली माणसांची संख्या, जाड कोट न घातलेल्या, एकमेकांवर प्रेम असलेल्या माणसांची असते. ती निम्मी करून वाचावी. दुसऱ्या माणसाला बोलावल्यास उबेत भर पडते, हे खरे आहे. स्वस्थ बसलेला माणूस सुमारे १०० वॅट उष्णता देतो. मात्र लागणाऱ्या २६०० वॅटमध्ये त्याचा वाटा चार टक्क्यांहून कमी असतो आणि पकडलेल्या माशांमध्ये तो निम्मा वाटा मागतो. शिवाय तो लघवीला जाताना दार उघडतो, आणि मघापासून साठवलेली ऊब त्याच्या आधी बाहेर जाते.

तापमानातील फरक ही तिसरी संख्या. आत २० अंश हवेत असा हट्ट सोडून ५ अंशांवर समाधान मानले की मोठी बचत होते, आणि ते समाधान कपड्यांतून मिळते. अंगाला लागून लोकर किंवा पॉलिस्टर, त्यावर जाड थर, सर्वांत वर वारा अडवणारे कापड असा क्रम असतो. सुती कपडा घामाने भिजतो आणि वाळत नाही, म्हणून तो वर्ज्य. घसरगाडी ओढत जाताना कोट काढून हळू चालावे, नाहीतर पोचल्यावर घाम थंड होतो. मोज्यांवर मोजे चढवण्याचा उपाय उलटतो: बूट घट्ट होतात, आतली हवा दाबली जाते, रक्तप्रवाह मंदावतो आणि तीन जोड घातलेला माणूस एक जोड घातलेल्याचा हेवा करतो. हातात धरायच्या गरम पुड्यांमध्ये लोखंडाची भुकटी असते. हवेतील ऑक्सिजनने ती गंजते आणि त्यातून उष्णता निघते. एरवी गाडीचा पत्रा गंजला म्हणून दुःख करणारा माणूस इथे गंजासाठी पैसे मोजतो. मद्याने ऊब येते हा समज मात्र महागात जाणारा आहे. मद्यामुळे त्वचेतील रक्तवाहिन्या रुंदावतात, ऊब वाटते, आणि शरीराची उष्णता भराभर बाहेर जाते. थर्मासमधील चहा अधिक प्रामाणिक असतो.

सूर्याची उष्णता फुकट आहे. बरेचसे तंबू गडद कापडाचे असतात. निरभ्र, शांत दुपारी ते उन्हाने चांगले तापतात आणि हीटर बंद ठेवता येतो. दुर्दैवाने मिनियापोलिसमध्ये डिसेंबरात सूर्य साडेचारच्या सुमारास मावळतो. या तळ्यांतील सर्वांत प्रतिष्ठित मासा वॉलाय. त्याच्या डोळ्यांत मंद उजेडात पाहण्यासाठी परावर्तक थर असल्यामुळे तो मुख्यतः संधिप्रकाशात शिकारीला निघतो. म्हणजे फुकटची ऊब ज्या क्षणी संपते त्या क्षणी मासा कामाला लागतो. ही वेळ माशाने ठरवलेली असल्याने तिच्यात बदल होत नाही.

हे सर्व झाल्यावर हीटरचा विचार करावा. प्रोपेनवर चालणारा छोटा हीटर शंभर डॉलरच्या आसपास मिळतो. त्याला लागणारा १ पौंडाचा, म्हणजे ४५४ ग्रॅमचा सिलिंडर हीटर मंद ठेवल्यास पाच तासांहून थोडा जास्त आणि पूर्ण फिरवल्यास अडीच तासांहून कमी चालतो. छोट्या सिलिंडरमधील गॅस किलोमागे कित्येक पट महाग पडतो. म्हणून जाणते लोक २० पौंडांची, सुमारे ९ किलो गॅसची टाकी आणि लांब नळी वापरतात. नळीसोबत गाळणी किंवा त्यासाठीच बनवलेली नळी लागते, नाहीतर नळीच्या रबरातून सुटणारे तेलकट द्रव्य हीटरमध्ये जाऊन त्याचे तोंड बंद करते. भरलेल्या टाकीचे वजन सुमारे १७ किलो भरते आणि ती ओढत न्यावी लागते. छोटा सिलिंडर घरी मोठ्या टाकीतून पुन्हा भरणे हा काटकसरीचा पुढचा टप्पा. एकदाच वापरायचा सिलिंडर असा भरून वाहनातून नेणे अमेरिकी कायद्याने निषिद्ध आहे, असे त्या सिलिंडरवरच छापलेले असते. तो मजकूर भरणारा माणूस सोडून सर्वांनी वाचलेला असतो.

हीटर थेट बर्फावर ठेवू नये. तो स्वतःखाली तळे तयार करतो, हळूहळू कलतो आणि कलताच बंद पडण्याची यंत्रणा त्याच्यात असल्यामुळे बंद पडतो. एक लाकडी फळी पुरेशी आहे.

प्रोपेन जळताना उष्णतेबरोबर पाणीही तयार होते, आणि थोडेथोडके नव्हे. रासायनिक समीकरणानुसार १ किलो प्रोपेन जळला की १.६ किलोहून अधिक पाणी निघते. एका छोट्या सिलिंडरमागे जवळपास पाऊण लिटर. हे पाणी वाफेच्या रूपात हवेत मिसळते, थंड कापडाला लागून थेंब होते, रात्र चढली की तिथेच गोठते, आणि वाऱ्याने तंबू हलला की आत बारीक हिमवर्षाव होतो. बाहेर आकाश निरभ्र असताना आत बर्फ पडणे, हा एकपदरी तंबूचा खास गुण आहे. दोन माणसांच्या श्वासाची वाफ त्यात भर घालते. उपाय दोनच: झरोके उघडे ठेवणे आणि छताला अस्तर लावणे. तिसरा, म्हणजे हीटर आणखी वाढवणे, हा आणखी पाणी तयार करण्याचा मार्ग आहे.

थंडीचा परिणाम गॅसवरही होतो. प्रोपेन उणे ४२ अंशांना उकळतो, म्हणून हिवाळ्यातही तो वायू होऊन बाहेर येतो; पण जितकी थंडी वाढते तितका सिलिंडरमधील दाब उतरतो, आणि वायू होताना तो सिलिंडरलाच आणखी थंड करतो. ब्युटेन उणे अर्ध्या अंशालाच द्रवरूप होतो, त्यामुळे टेबलावर ठेवायच्या ब्युटेनच्या शेगड्या इथे निरुपयोगी ठरतात. महाराष्ट्रातील स्वयंपाकघरात येणाऱ्या १४.२ किलोच्या सिलिंडरमध्ये प्रोपेन व ब्युटेनचे मिश्रण असते. तो मिल लॅक्सवर नेला तर त्यातील ब्युटेन तळाशी द्रवरूपात पडून राहील आणि सिलिंडर हलवल्यावर भरलेला वाटेल. शुद्ध प्रोपेनलाही मर्यादा आहे. २ फेब्रुवारी १९९६ रोजी मिनेसोटातील टॉवर या गावाजवळ उणे ५१ अंशांची नोंद झाली. ती त्या राज्यातील आजवरची सर्वांत कमी आहे. त्या पहाटे उघड्यावरच्या सिलिंडरमधील प्रोपेनने बाहेर यायला नकार दिला असता. तंबूत न जाता घरात राहण्याचा शहाणपणा गॅसला सुचू शकतो, हे त्यातून दिसते.

हीटरला पर्याय म्हणून मेणबत्त्यांवर कुंडी उपडी घालण्याचा उपाय फार लोकप्रिय आहे. कुंडी तापते, हाताला गरम लागते, आणि त्यामुळे उष्णता वाढली असा समज होतो. प्रत्यक्षात कुंडी स्वतः काहीही निर्माण करत नाही. मेणबत्तीत आहे तेवढीच उष्णता ती थोडा वेळ धरून ठेवते. छोटी बशीतली मेणबत्ती साधारण ३० ते ४० वॅट देते. २६०० वॅटसाठी अशा सुमारे ७५ लागतील, म्हणजे तंबूत त्रिपुरी पौर्णिमेची दीपमाळ उभारावी लागेल. शिवाय कापडाच्या खोलीत ७५ ज्योती पेटवणाऱ्याला थंडी ही सर्वांत लहान अडचण राहील. गरम पाण्याची पिशवी त्यापेक्षा बरी: एक लिटर उकळते पाणी ३० अंशांपर्यंत निवताना सुमारे ८० वॅट-तास उष्णता देते. ही जवळ बसलेल्या माणसाच्या पाऊण तासाच्या उबेइतकी भरते, आणि पिशवी मासे मागत नाही.

कार्बन मोनॉक्साइडच्या बाबतीत विनोदाला आणि काटकसरीला जागा नाही. बंद जागेत कोणतीही ज्योत अपुऱ्या हवेत जळू लागली की हा वायू तयार होतो. त्याला रंग नाही, वास नाही, आणि रक्तातील हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनपेक्षा दोनशेहून अधिक पटींनी घट्ट धरतो. डोकेदुखी, मळमळ आणि पेंग ही त्याची पहिली लक्षणे. उशिरापर्यंत मासा न लागलेल्या माणसाची लक्षणेही हीच असल्याने ती सहज दुर्लक्षिली जातात. म्हणून एक झरोका खाली आणि एक वर उघडा ठेवावा, बॅटरीवर चालणारा इशारायंत्राचा डबा सोबत न्यावा आणि ज्योत पेटती ठेवून झोपू नये. चांगल्या हीटरमध्ये ऑक्सिजन कमी झाला की ज्योत विझवणारी यंत्रणा असते. तिच्यामुळे हीटर वारंवार विझू लागला तर हीटर बिघडलेला नसून झरोका बुजलेला असतो. ती यंत्रणा निकामी करून हीटर ‘दुरुस्त’ करणारे लोक असतात; त्यांच्या तंबूत बसू नये.

हीटर लागला, झरोके उघडले, तरी एक तक्रार उरते: डोक्याला घाम आणि पायाला थंडी. गरम हवा छताशी जमते, थंड हवा खाली राहते, आणि साडेसहा फूट उंचीच्या तंबूत बसलेल्या माणसाच्या वाट्याला मधली हवा येते. उभे राहिल्यास ऊब मिळते, पण उभे राहून गळ दिसत नाही. इथे जुन्या संगणकातील पंखा उपयोगी पडतो. १२ व्होल्टचा तो छोटा पंखा छताला टांगून खाली तोंड करून लावला की वरची हवा पायांपर्यंत येते. बॅटरी मासे शोधणाऱ्या सोनार यंत्रासाठी आणलेलीच असते. उणे २० अंशांत पंखा लावावा लागतो, हे वाक्य विचित्र वाटले तरी बरोबर आहे.

अलीकडे अनेकांनी डिझेलचे छोटे हीटर आणले आहेत. यांत ज्वलन बंद कप्प्यात होते, धूर आणि पाण्याची वाफ नळीने बाहेर जाते आणि तंबूत फक्त कोरडी गरम हवा येते. मात्र धुराचे तोंड वारा जिकडे वाहत जातो त्या बाजूला, तंबूपासून दूर ठेवावे लागते. तंबूत हिमवर्षाव होत नाही आणि इंधन प्रोपेनपेक्षा स्वस्त पडते. त्याबदल्यात बॅटरी मोठी लागते, कारण पेटताना हे यंत्र भरपूर वीज खाते, आणि इंधनपंप अखंड टिकटिक करतो. शांततेसाठी तळ्यावर आलेल्यांना ती पहिली काही मिनिटे खटकते. त्यानंतर पाय गरम होतात आणि शांततेबद्दलची मते बदलतात.

सर्व उपायांचा क्रम असा लागतो: आधी बर्फाची जाडी, मग वारा, खालची फट, जमीन, छत, कपडे, आणि या सर्वांनंतर हीटर, कार्बन मोनॉक्साइडचा इशारा देणारा डबा मात्र हीटरच्या आधी. खरेदीचा प्रत्यक्ष क्रम नेमका उलटा असतो, आणि म्हणूनच स्वस्त तंबूवर शेवटी अस्तराच्या तंबूइतका खर्च होतो. तरीही हिशेब स्वस्तच निघतो, कारण तो मांडण्याची एक रूढ पद्धत आहे. ब्लँकेट घरात होतेच, म्हणून धरत नाहीत. पंखा जुन्या संगणकाचा, म्हणून धरत नाहीत. पेट्रोल धरत नाहीत, कारण गाडी कुठेतरी जाणारच होती. मासे मात्र बाजारभावाने धरतात, आणि न लागलेल्या मोठ्या माशाचाही त्यात कधी कधी समावेश असतो.

शेवटचे काम घरी होते. तंबू ओला, अर्धवट गोठलेल्या अवस्थेत पिशवीत कोंबला जातो आणि तसाच ठेवला तर आठवड्यात त्याला बुरशी लागते. म्हणून तो दिवाणखान्यात पूर्ण उभा करून, जमिनीवर जुनी चादर अंथरून, एक-दोन दिवस वाळवावा लागतो. त्या काळात घरची माणसे भिंतीकडेने चालतात. घराच्या हीटरमुळे आत २१ अंश तापमान असते, हवा कोरडी असते, वारा नसतो आणि जमीन गालिच्याची असते. बर्फावर ज्यासाठी एवढी धडपड केली ती ऊब तंबूला इथे आपोआप मिळते, आणि तिचे बिल घरखर्चात जाते.